बांधकामाच्या साइटवर ड्रोन: उडवायच्या आधी, उडवताना आणि नंतर काय करायचं (गोव्यातल्या साइट्ससाठी)

गोव्यात आता बऱ्याच कॉन्ट्रॅक्टर लोकांकडे स्वतःचा ड्रोन आहे, नाहीतर महिन्यातून एकदा कोणाला तरी बोलावून उडवून घेतात. पण काम उलटं चालतं. आधी ड्रोन उडतो, मग फोटो येतात, मग इंजिनियर विचारतो यातून खोदाईचं माप निघेल का, आणि तेव्हा कळतं की जमिनीवर एकही मार्कर ठेवलेला नव्हता, त्यामुळे फोटो छान पण माप शून्य. सेफ्टीचंही तेच, वरून काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, सगळे अंगठा दाखवतात आणि उघडी डक्ट (पाइपांसाठी मजल्यांमधून सोडलेली पोकळी) उघडीच राहते.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी आहे.

## १. आधी ठरवा की ड्रोन कशासाठी उडवायचाय

साइटवर ड्रोनची मुख्य कामं तीन: माप घेणं (खोदाई, भराव, मालाचे ढीग), सेफ्टीची फेरी, आणि माणूस चढवायला धोका आहे अशा जागेची पाहणी (पत्र्याचं छप्पर, उंच परांचीचे जोड, पुलाची खालची बाजू). या तिन्हींना वेगवेगळी फ्लाइट लागते. मापाला कॅमेरा सरळ खाली, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या रेषांत. सेफ्टीला कॅमेरा तिरका आणि ड्रोन खाली. पाहणीला हळू, जवळून, हाताने उडवलेला. एकाच फ्लाइटमध्ये तिन्ही करून टाकू म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी तिन्हीपैकी काहीच धड येत नाही.

कागदावर एक ओळ लिहा: "या फ्लाइटमधून मला अमुक कळलं पाहिजे आणि ते कळल्यावर अमुक माणूस अमुक करणार." ही ओळ लिहिता येत नसेल तर त्या दिवशी ड्रोन पेटीतच राहू द्या.

## २. जागा नकाशावर बघा, मग परवानगी

गोव्यात सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. राज्य लहान, आणि त्यात दोन विमानतळ. दाबोळी म्हणजे नौदलाचा आयएनएस हंसा, आणि पेडण्यात मोपाचा मनोहर विमानतळ, जिथून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. या दोघांभोवती वर्तुळं काढली की कामाचा बराच पट्टा त्यात येतो.

ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे देशाचं आकाश ग्रीन, यलो आणि रेड अशा तीन झोनमध्ये वाटलंय. ग्रीनमध्ये ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक फक्त २०० फूट म्हणजे ६० मीटरपर्यंत आहे, त्याच्या वर गेलात की यलो. यलोत उडवायचं तर एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी, रेडमध्ये केंद्र सरकारची.

आता हे आपल्या जागांवर लावून बघा. वास्को आणि चिखली तर दाबोळीच्या दारातच. कुठ्ठाळी, वेर्णा, बांबोळी, पणजी या सगळ्या ठिकाणी अंदाजावर जायचं नाही, डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर साइटचा नेमका पॉइंट टाकून बघायचं, कारण एकाच गावाचा अर्धा भाग एका पट्ट्यात आणि अर्धा दुसऱ्यात असू शकतो. पेडण्यात मोपाच्या आसपास सध्या भरपूर बांधकाम चाललंय, तिथेही हेच. शिवाय नौदलाने आपल्या आस्थापनांभोवती ३ किलोमीटरपर्यंत मनाई केलेली आहे आणि नौदल म्हणजे फक्त विमानतळ नव्हे, पणजीसमोर वेऱ्याला आयएनएस मांडवी आहे हे लोक विसरतात. मुरगाव बंदर आणि ओल्ड गोव्याच्या चर्चचा परिसर इथेही आधी विचारणा, मग ड्रोन.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. ड्रोनला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर पाहिजे आणि तो मिळायला मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलची सरकारी मान्यता) पाहिजे. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन परदेशातून आयात करायला बंदी आहे, त्यामुळे दुबईहून कोणी तरी "स्वस्तात" आणून दिलेला ड्रोन कंपनीच्या कामाला लावू नका. पैसे घेऊन किंवा धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजे. २ किलोपर्यंतच्या ड्रोनला जी सूट आहे ती फक्त बिगर-व्यावसायिक वापराला आहे, साइटचं काम त्यात बसत नाही. २५० ग्रॅमच्या आतल्या नॅनोला सर्टिफिकेट लागत नाही पण झोनचे नियम त्यालाही तेवढेच लागू. नॅनो सोडून बाकीच्यांना थर्ड पार्टी विमा हवाच, आणि बाहेरची एजन्सी बोलावत असाल तर त्यांच्या विम्याची प्रत आणि पायलटचं सर्टिफिकेट ऑर्डर देण्याआधी मागून घ्या, उडवून झाल्यावर नाही.

इशारा: झोन बदलतात. गेल्या महिन्यात ग्रीन दिसला म्हणून या वेळी बघितलंच नाही असं करू नका. फ्लाइटच्या दिवशी सकाळी परत नकाशा उघडा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कायद्याने ग्रीन झोनमध्ये लागत नसलं तरी जवळच्या पोलीस स्टेशनला आणि पंचायतीला एक पत्र दिलेलं बरं. गोव्यात लोक जमीन, डोंगरकापणी आणि प्रायव्हसी या तिन्ही बाबतीत जागरूक आहेत आणि ते योग्यच आहे. शेजाऱ्याच्या अंगणावर ड्रोन घिरट्या घालायला लागला तर तो हाक मारणारच. आधी सांगून ठेवलं की निम्मी भांडणं होतच नाहीत.

## ३. साइटवर पायी फिरा

ड्रोन बाहेर काढायच्या आधी साइटला पायी पूर्ण चक्कर मारायची, आणि तीही वर बघत बघत.

पहिलं बघायचं ते तारा. गोव्यात विजेच्या तारा माडांमधून, आंब्याच्या फांद्यांमधून जातात, आणि ड्रोनचे अडथळा ओळखणारे सेन्सर बारीक तार बहुतेक वेळा पकडत नाहीत. पायलटच्या स्क्रीनवर तर ती दिसतच नाही. म्हणून तारा कागदाच्या नकाशावर लाल पेनाने काढायच्या आणि त्यांच्यापासून किती लांब राहायचं ते आधीच ठरवायचं.

दुसरं, माड आणि टॉवर क्रेन. जुना माड सहज २० मीटरच्या वर जातो. क्रेनचा जिब (आडवा हात) ज्या वर्तुळात फिरतो त्या वर्तुळात क्रेन चालू असताना ड्रोन न्यायचा नाही, नेणं गरजेचंच असेल तर ऑपरेटरशी वॉकीटॉकीवर बोलून तेवढा वेळ क्रेन थांबवायची. "मी बघून उडवतो" हे ऑपरेटरला सांगून चालत नाही, त्याचं लक्ष लोडवर असतं आणि तिथेच असायला पाहिजे.

तिसरं, घारी. मासळी मार्केट, कचरा टाकायची जागा, नदीकाठ यांच्या जवळच्या साइटवर घारी असतात आणि घरट्याच्या दिवसांत त्या ड्रोनवर सरळ झडप घालतात. घार वरून येते. ती फिरायला लागलेली दिसली की रेंगाळायचं नाही, फ्लाइट थांबवून शांतपणे खाली आणायचा आणि अर्ध्या तासाने बघायचं. पळवत पळवत पुढे नेलं तर ती मागे लागते.

मग उतरायची जागा. सपाट, माणसांपासून आणि गाड्यांपासून दूर, आणि लोखंडापासूनही दूर. याचं कारण नीट समजून घ्या. स्लॅबवर सळई बांधून ठेवलेली असते, नाहीतर स्लॅबच्या आत असतेच, आणि त्याच्यावर ड्रोन ठेवून कंपास कॅलिब्रेट केला की तो चुकीची दिशा पकडतो. मग वर गेल्यावर ड्रोन एका जागी न थांबता गोल गोल फिरत बाहेर जायला लागतो. सेंट्रिंगच्या प्लेटांवरून, कंटेनरच्या टपावरून, पिकअपच्या हौद्यातून टेकऑफ करायचा नाही. मातीवर पॅड टाका. पॅडची अजून एक गरज म्हणजे आपली चिऱ्याची लाल धूळ, ती मोटरमध्ये आणि गिंबलमध्ये (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागात) जाऊन बसते.

शेवटचं, माणसं. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू करायच्या आधी सेफ्टीवर बोलतात त्यात) दोन मिनिटं घ्या: आज किती वाजता उडणार, कुठून कुठे, आणि वर बघत उभं राहायचं नाही. हे सांगणं गंभीरपणे घ्या. परांचीवरचा माणूस ड्रोन बघायला मान वर करतो आणि पाऊल चुकतं, म्हणजे सेफ्टीसाठी आणलेल्या यंत्रानेच अपघात. साइटवर कानडी, ओडिया, हिंदी बोलणारे कामगार असतात, मुकादमाकडून त्यांच्या भाषेत सांगून घ्या. जिथे उंचीवरचं काम चालू आहे त्या बाजूला चहाच्या सुट्टीत उडवणं सगळ्यात चांगलं.

तपासा: तारा नकाशावर आल्या का? क्रेन ऑपरेटरशी बोलणं झालं का? उतरायच्या जागेभोवती दोरी बांधली का? पायलटशिवाय ड्रोनवर नजर ठेवणारा दुसरा माणूस ठरला का?

## ४. जमिनीवरचे मार्कर (फक्त मापासाठी, पण मापासाठी सक्तीचे)

सेफ्टीच्या फेरीला याची गरज नाही. पण बिल ज्या मापावर निघणार ते माप मार्करशिवाय घेतलं तर भांडण ठरलेलं.

साध्या ड्रोनचा जीपीएस काही मीटरने चुकतो. आरटीके ड्रोन (जीपीएसची चूक उडतानाच दुरुस्त करणारा) सेंटिमीटरमध्ये येतो, तरी त्याचं माप तुमच्या साइटच्या बेंचमार्कशी (ज्याची उंची पक्की ठरलेली आहे त्या खुणेशी) जुळतंय का हे बघायला मार्कर लागतातच. "आरटीके घेतलाय, मार्कर कशाला" हे वाक्य मी ज्या ज्या साइटवर ऐकलंय तिथे पुढे लेव्हलचा घोळ झालेला बघितलाय.

कसं करायचं: साधारण ६० बाय ६० सेंटिमीटरचे काळे-पांढरे चौकोन, प्लायचे किंवा फ्लेक्सचे. लाल मातीवर काळं-पांढरं छान उठून दिसतं, लाल किंवा केशरी रंग वापरू नका. कमीत कमी पाच पाहिजेत, चार कोपऱ्यांजवळ आणि एक मध्ये. साइट मोठी किंवा उतारावर असेल तर जास्त. सगळे एका रेषेत नको. सगळे सपाट भागातही नको, खड्ड्याच्या तळाशी आणि वरच्या कडेला दोन्हीकडे पाहिजेत, नाहीतर फोटोंवरून बनणारं जमिनीचं थ्रीडी मॉडेल मध्येच फुगतं आणि ते डोळ्याला कळत नाही. झाडाच्या सावलीत, भिंतीला चिकटून, जेसीबीच्या वाटेवर ठेवायचे नाहीत.

मार्करच्या मध्यबिंदूचं माप रोव्हरने (सर्व्हेच्या नेमक्या जीपीएसने) किंवा टोटल स्टेशनने घ्या, आणि साइटचा जो टीबीएम (टेम्पररी बेंचमार्क) आहे त्याच्याशी जोडून घ्या. याशिवाय दोन-तीन मार्कर वेगळे ठेवा जे प्रोसेसिंगमध्ये अजिबात वापरायचे नाहीत. हे चेक पॉइंट. शेवटी मॉडेल खरं की खोटं हे तेच सांगतात.

नेहमीची चूक: सकाळी मार्कर ठेवून माप घेतलं, दुपारी कोणीतरी प्लाय उचलून बाजूला ठेवला, संध्याकाळी उडवलं. माप घेणं आणि उडवणं एका बैठकीत उरका. कायमचे पॉइंट पाहिजे असतील तर काँक्रीटमध्ये खिळा ठोकून भोवती रंग मारा.

## ५. फ्लाइटचा प्लॅन

ॲपमध्ये हद्द काढायची आणि ती साइटच्या बाहेर थोडी वाढवायची, कारण कडेच्या भागाला फोटो कमी पडतात. ओव्हरलॅप (एक फोटो शेजारच्या फोटोवर किती चढतो ते) पुढे-मागे ७५ ते ८० टक्के, बाजूला ६५ ते ७० टक्के. बॅटरी वाचवायला ओव्हरलॅप कमी करणं हा खोटा नफा आहे, पुन्हा सगळं उडवावं लागतं.

उंची किती? एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेल कॅमेरा असेल तर ७० मीटरवरून एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर जवळपास २ सेंटिमीटर, १२० मीटरवरून सव्वातीनच्या आसपास. उभ्या मापातली चूक याच्या दीड ते तीन पट धरून चाला. म्हणजे खोदाईच्या मापाला ६०-७० मीटर ठीक, पण या फोटोंवरून फरशीची लेव्हल काढायला जाऊ नका, ते काम ऑटो लेव्हलचं आहे.

आता उताराची गोष्ट, जी आपल्याकडे फार महत्त्वाची. ड्रोन जी उंची दाखवतो ती टेकऑफच्या जागेपासून मोजलेली असते. पर्वरी, आल्तिनो, दोनापावला असल्या चढावर खाली उभं राहून ६० मीटर लावले आणि साइटचं वरचं टोक तुमच्यापेक्षा ४० मीटर उंच असेल तर तिथे ड्रोन जमिनीपासून फक्त २० मीटरवर आहे, म्हणजे माडाच्या शेंड्याला. शिवाय वरच्या भागात ओव्हरलॅप कमी पडतो आणि मॉडेलला भोकं पडतात. उलट वरून उडवला तर खालच्या भागात कायद्याची मर्यादा ओलांडली जाऊ शकते, कारण ती जमिनीपासून मोजतात. यावर उपाय दोन: टेरेन फॉलो (जमिनीच्या चढउताराप्रमाणे ड्रोनची उंची बदलणारी सेटिंग) वापरा, नाहीतर साइटचे पायरी-पायरीने तुकडे करून वेगवेगळी फ्लाइट घ्या. आणि खालच्या भागातली मर्यादा सांभाळून टेकऑफ शक्यतो उंच टोकावरून घ्या.

वेळ? सकाळी ९ ते ११ ला मी सगळ्यात जास्त मानतो. सावल्या खूप लांब नसतात आणि समुद्रावरचं वारं अजून जोर धरायचं असतं. दुपारनंतर किनारपट्टीवर खारं वारं सुटतं आणि हलका ड्रोन त्याच्याविरुद्ध परत यायला दुप्पट बॅटरी खातो. पातळ ढग असतील तर उत्तमच, सावल्याच नाहीत.

## ६. उडवायच्या आधीची दहा मिनिटं

पंख्यांना चीर आहे का ते नखाने तपासा. बॅटरी फुगलेली असेल तर ती बाद, "एवढी एक फ्लाइट" असं नाही. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बॅटरी वापरू नका, आणि उतरल्या उतरल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका. एसडी कार्डात जागा आहे ना बघा, घरी विसरलेल्या कार्डापायी अख्खी सकाळ जाते.

मग रिटर्न टू होमची उंची. ही सेटिंग न बघता उडवणं म्हणजे नशिबावर सोडणं. सिग्नल तुटला की ड्रोन या उंचीवर जाऊन सरळ रेषेत घरी येतो, मध्ये काय आहे याची त्याला पर्वा नाही. साइटवरच्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा (बहुतेक वेळा क्रेनचं टोक) १५-२० मीटर जास्त ठेवा. पण तुम्ही ६० मीटरच्या पट्ट्यात आहात आणि क्रेनच ५० मीटरची आहे, तर ही जागा उरतच नाही. मग सिग्नल गेल्यावर "जागेवर थांब" ही सेटिंग लावून पायलटने चालत जवळ जायचं, किंवा परवानगी घेऊन यायचं. पुलाच्या किंवा स्लॅबच्या खाली पाहणी करताना तर रिटर्न टू होम लावून ठेवायचंच नाही, ड्रोन सरळ वर जाऊन काँक्रीटला धडकेल.

तपासा: होम पॉइंट नकाशावर बरोबर जागी दिसतोय का? सॅटेलाइट पुरेसे आहेत का? वर नेऊन दोन-तीन मीटरवर अर्धा मिनिट स्थिर थांबवून बघा. हलतोय, सरकतोय, तर खाली उतरवा.

उडवताना नियम कमी आणि पक्के. ड्रोन डोळ्याला दिसला पाहिजे. माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परतीला लागायचं. पायलटशी मधे कोणी बोलायचं नाही, साहेबाने "जरा तिकडे ने" असं खांद्यावर हात ठेवून सांगायचं नाही, जे सांगायचं ते आधी सांगायचं.

## ७. सेफ्टीची फेरी

ही फेरी दर आठवड्याला, शक्यतो एकाच वारी, एकाच मार्गाने, त्याच त्याच जागांवरून फोटो. मार्ग ॲपमध्ये सेव्ह करून ठेवा म्हणजे मागच्या आठवड्याच्या फोटोशेजारी ठेवून बघता येतं. इथे व्हिडिओपेक्षा फोटो चांगला, कारण व्हिडिओ कोणी पूर्ण बघत नाही.

काय बघायचं? स्लॅबच्या कडेला रेलिंग आहे का आणि कुठे तुटलंय. लिफ्टचा खड्डा आणि डक्ट झाकलेले आहेत का, झाकण म्हणून नुसता प्लाय टाकलाय की बांधलाय. परांची भिंतीला कुठे कुठे बांधली आहे, परांचीच्या वरच्या टप्प्याला फळ्या पूर्ण आहेत का. टाकीवर, छपरावर काम करणाऱ्याचा हार्नेस (सेफ्टीचा पट्टा) कशाला अडकवलेला आहे; नुसता कमरेला घातलेला हार्नेस फोटोत बरोबर ओळखू येतो. खाली गाड्यांची वाट आणि माणसांची वाट एकमेकांत घुसली आहे का.

खोदाईकडे सगळ्यात जास्त वेळ द्या, पावसाळ्याच्या तोंडावर तर नक्कीच. काढलेली माती खड्ड्याच्या कडेपासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्याइतकी, जे जास्त असेल तेवढी लांब पाहिजे. वरून हे अंतर लगेच दिसतं, खाली उभ्या माणसाला दिसत नाही. चिऱ्याची कापलेली भिंत उभी आणि घट्ट दिसते म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण चिऱ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी मऊ माती असते, पाणी तिथून झिरपतं आणि वरचा टणक थर एकदम सुटतो. कापलेल्या कडेच्या मागे, वरच्या जमिनीवर कडेला समांतर भेगा दिसताहेत का ते तिरक्या फोटोत शोधा. भेग दिसली तर त्याच दिवशी खालची माणसं बाहेर, मग इंजिनियरला फोन. पाणी कुठून वाहत येऊन कडेवर पडतंय हेही वरूनच कळतं.

आणि आता मुख्य मुद्दा. प्रत्येक फोटोला एक माणूस आणि एक तारीख जोडा. "तिसरा मजला, पूर्वेची डक्ट उघडी, सुपरवायझर अमुक, आज संध्याकाळपर्यंत." पुढच्या फेरीत त्याच जागेचा फोटो घेऊनच तो मुद्दा बंद करायचा. असं करत नसाल तर फेरी बंद करा, कारण धोका फोटोत आहे, तारीख आहे, आणि कोणी काही केलं नाही, ही अपघातानंतर कामगाराच्या घरच्यांना द्यायला सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

इशारा: हे फोटो कामगाराला पकडायला वापरू नका. हार्नेस नाही म्हणून पगार कापला की पुढच्या वेळी ड्रोनचा आवाज आला की सगळे फक्त तेवढ्यापुरते हार्नेस अडकवतात, आणि तुम्हाला खरी साइट कधीच दिसत नाही. हुक अडकवायला जागाच नव्हती का, हे आधी विचारा. बऱ्याचदा नसतेच.

## ८. प्रोसेसिंग: उंचीचा घोळ इथे होतो

फोटो कॉम्प्युटरवर घेतल्यावर आधी पुसट फोटो काढून टाका, मग मार्कर प्रत्येक फोटोत नीट मध्यावर टिचकी मारून लावा. कोऑर्डिनेट सिस्टिम गोव्यासाठी डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ नॉर्थ.

उंचीत मात्र सांभाळा. ड्रोन आणि रोव्हर मुळात एलिप्सॉइडवरची (जीपीएस पृथ्वीचा जो गणिती आकार धरतो त्यावरची) उंची देतात, आणि आपल्या ड्रॉइंगमध्ये समुद्रसपाटीपासूनची असते. गोव्यात या दोघांत ५० मीटरपेक्षा जास्त फरक आहे. म्हणून कोलव्यासारख्या किनाऱ्याच्या साइटवर उंची चक्क उणे येते, लोक घाबरतात आणि मग हाताने काहीतरी आकडा मिळवून "दुरुस्त" करतात. तसं करू नका. मार्करच्या उंच्या टीबीएमवरून घेतल्या असतील तर त्याच द्या आणि सगळीकडे तीच एक पद्धत ठेवा. एका महिन्याचं माप एका पद्धतीने आणि दुसऱ्याचं दुसऱ्या पद्धतीने झालं की वजाबाकीचा काही अर्थ उरत नाही.

तपासा: बाजूला ठेवलेले चेक पॉइंट आता काढा. मॉडेलमधली उंची आणि रोव्हरची उंची यात ५-६ सेंटिमीटरच्या आत फरक असेल तर खोदाईला चालेल. १५-२० आला तर रिपोर्ट पाठवू नका, आधी मार्कर परत तपासा. रिपोर्टमध्ये हा फरक लिहाच, आला तेवढा लिहा.

## ९. माप काढणं

ढिगाचं माप काढताना तळाची रेघ ढिगाच्या अगदी पायथ्याशी काढा, आत किंवा बाहेर सरकली की आकडा बराच हलतो. ढीग भिंतीला टेकून असेल तर तळ सॉफ्टवेअरवर सोडू नका, आधीचा मोकळ्या जागेचा सर्व्हे वापरा. म्हणूनच काम सुरू व्हायच्या आधी, झाडंझुडपं साफ केल्यावर, एक पहिला सर्व्हे करून ठेवणं फार मोलाचं. डोंगरउताराची कापणी किंवा सखल जमिनीची भर असेल तर टाउन प्लॅनिंग कायद्याच्या कलम १७ए खाली परवानगी लागते, आणि मूळ जमीन कशी होती हा प्रश्न पुढे कधीही येऊ शकतो. पहिला सर्व्हे हे त्याचं उत्तर आहे.

फोटोला गवताखालची जमीन दिसत नाही. पावसानंतर ढिगावर गुडघाभर गवत उगवतं आणि माप वाढतं. निळी ताडपत्री टाकलेली असेल तर माप ताडपत्रीचं येतं. साचलेल्या पाण्यावर चकाकीमुळे मॉडेल फाटतं, खड्ड्यात पाणी असेल तर आधी पंप लावा किंवा तेवढा भाग रोव्हरने हाताने घ्या.

आणि ट्रकच्या फेऱ्यांशी तुलना करताना: ड्रोन जे खोदाईचं माप देतो ते जागेवरच्या घट्ट मातीचं, ट्रकमध्ये असते ती सुटी झालेली. माती सुटल्यावर साधारण २० ते ४० टक्के फुगते. त्यामुळे ट्रकचा आकडा जास्त येणारच, त्यात चोरी असेलच असं नाही. बिल कोणत्या मापावर हे कामाच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या. हे न लिहिल्यामुळे मालक आणि ट्रकवाला यांच्यात जेवढी भांडणं बघितली तेवढी दुसऱ्या कशावरून नाही.

## १०. पावसाळा आणि सांभाळणं

जून ते सप्टेंबर ड्रोन पूर्ण बंद ठेवायची गरज नाही, पण उघडिपीतच. रिमझिम पण नको. मेच्या शेवटी एक पूर्ण सर्व्हे करा, त्यात पाणी वाहायच्या वाटा आणि कापलेल्या कडा नीट घ्या, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर उघडीप मिळाली की फक्त कडांची छोटी फेरी. कडेखाली माणूस पाठवायच्या आधी ड्रोन पाठवा.

किनाऱ्याजवळ उडवल्यावर दर वेळी कोरड्या मऊ कपड्याने पुसा, खारी हवा बॅटरीच्या पिनांवर हिरवट थर आणते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि बदलत राहा. बॅटऱ्या महिनाभर वापरायच्या नसतील तर पूर्ण चार्ज करून ठेवू नका, ५०-६० टक्क्यांवर ठेवा.

फाइलींना नाव देताना तारीख आधी, मग साइट, मग काम. मूळ फोटो कधी पुसू नका, नुसता रिपोर्ट ठेवून भागत नाही. शेजाऱ्यांची घरं-अंगणं फोटोत आली असतील तर तो भाग बाहेर पाठवायच्या प्रतीतून कापा, आणि फोटो कोणाकोणाला दिले याची एक वही साइट ऑफिसात ठेवा.